गप्पांची मोजदाद

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी भर घालून)



कार्यकारिणीने मला अट घातली होती, "कॉम्प्युटरवर बोला, पण फार कॉम्प्युटरचं नको." आता आमच्यासारख्याला दुसरं येतं काय? तरी प्रयत्न करतो. विषय आहे ऑफिसातल्या गप्पा. मीटिंगमधल्या नव्हेत. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, मायक्रोवेव्हसमोर डबा गरम व्हायची वाट बघत उभं असताना ज्या होतात त्या. आपल्याकडे त्यांना चकाट्या पिटणं म्हणतात. कारकून जागेवर नसला की "चहाला गेलाय" हे वाक्य आपण आयुष्यभर तक्रारीच्या सुरातच ऐकलं. पण गेली जवळजवळ शंभर वर्षं काही माणसं या चकाट्या अगदी गंभीरपणे मोजताहेत. ही मोजणी होते कशी, तिच्यातून कळलं काय, आणि आपल्यासारख्या व्हिसावर नोकऱ्या करणाऱ्यांनी तिच्यावर जरा लक्ष का ठेवायला हवं, हे सांगतो.

गोष्ट सुरू होते आपल्या शिकागोच्या दारातच. सिसेरो अ‍ॅव्हेन्यूवर सर्माक रोडच्या कोपऱ्याशी एक जुना विटांचा मनोरा आहे आणि त्याच्याभोवती शॉपिंग सेंटर. मिडवे विमानतळावर पाहुण्यांना आणायला जाताना आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो पाहिला असेल. तो मनोरा म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न वर्क्स या कारखान्याची उरलेली खूण. भरभराटीच्या काळात चाळीस हजारांवर माणसं तिथे टेलिफोनची यंत्रसामग्री बनवायची. १९२४ साली तिथे प्रयोग सुरू झाले ते दिव्यांचे. उजेड वाढवला तर काम वाढतं का, एवढाच साधा प्रश्न होता. मॅनेजमेंट शिकलेल्यांनी "हॉथॉर्न इफेक्ट" हे नाव ऐकलं असेल, ते इथलंच. मला मात्र त्या दिव्यांपेक्षा शेवटचा प्रयोग जास्त आवडतो. त्याचं नाव कमी जणांना ठाऊक असतं.

नोव्हेंबर १९३१ मध्ये चौदा कामगार एका वेगळ्या खोलीत बसवले. नऊ जण तारा जोडणारे, तीन डाग देणारे, दोन तपासनीस. टेलिफोन एक्स्चेंजला लागणारे टर्मिनलचे संच ते तयार करत. खोलीत एक निरीक्षक टेबल टाकून बसला आणि त्याने वहीत टिपायला सुरुवात केली. काय टिपलं? कोण कोणाबरोबर पत्ते खेळतो, पैजा लावतो. कोण कोणाला न सांगता मदत करतो. मनाई असूनही कोण आपलं काम दुसऱ्याशी बदलून घेतो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून कोणाचं कोणाशी वाजतं. (आपल्या ऑफिसातलं एसीचं भांडण काही नवीन नाही!) या नोंदींवरून त्यांनी चित्रं काढली. प्रत्येक माणूस म्हणजे एक वर्तुळ, आणि मैत्री, मदत, भांडण यांच्या रेघा.

चित्रात दोन कंपू स्वच्छ दिसले, एक खोलीच्या पुढच्या भागातला आणि एक मागचा. कारखान्याच्या दुकानातून पुढचा कंपू चांगलं चॉकलेट थोडंसंच आणायचा, मागचा कंपू स्वस्तातलं भरपूर. दोघांनाही आपलीच पद्धत शहाणपणाची वाटायची. आणि सगळ्यांचा मिळून एक अलिखित नियम होता, की दिवसाला दोन संच म्हणजे रास्त काम. त्यापेक्षा जास्त केलंस तर तू आगाऊ, फारच कमी केलंस तर तू कामचुकार, आणि साहेबाला सांगितलंस तर चुगलखोर. आगाऊपणा करणाऱ्याला शिक्षा म्हणजे दंडावर एक गुद्दा.

याच माणसांच्या बुद्धिमत्तेच्या आणि हाताच्या चपळाईच्या चाचण्याही घेतल्या होत्या. खोलीत सगळ्यात कमी काम करणारा बुद्धीत पहिला आणि चपळाईत तिसरा निघाला. सगळ्यात जास्त काम करणारा बुद्धीत शेवटचा! म्हणजे कोण किती काम करेल, याचा अंदाज मार्कलिस्टवरून येत नव्हता, कंपूवरून येत होता. हे सगळं रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांच्या १९३९ च्या जाडजूड ग्रंथात आलेलं आहे. डिग्र्यांवर जीव टाकणाऱ्या आपल्या समाजाने तो जरूर चाळावा.

हे कामगार हात का आखडत होते? जास्त काम केलं तर कंपनी दर कमी करेल, नाहीतर माणसं कमी करेल, ही भीती. महामंदीचे दिवस होते. आणि मे १९३२ मध्ये खरोखरच काम संपलं म्हणून प्रयोग थांबवावा लागला. मोजणाऱ्याची वही आणि कामगाराची भाकरी यांचा संबंध तेव्हापासूनचा आहे. तो ध्यानात असू द्या, मी पुन्हा तिकडे येणार आहे.

दुसरं उदाहरण झेरॉक्स कंपनीचं. आपण जिचं नाव घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून मार्कशीटच्या "झेरॉक्स काढून" आणायचो, तीच. ज्युलियन ओर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात होता. आदिवासींच्या पाड्यावर जाऊन राहावं तसा तो मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. १९९६ साली त्याचं पुस्तक आलं. कंपनीने या तंत्रज्ञांना जाड मॅन्युअल दिलं होतं. अमुक एरर आला की तमुक भाग बदला, असं. पण मशीन काही मॅन्युअल वाचून बिघडत नाही. मग ही माणसं सकाळी न्याहारीला नाहीतर दुपारी जेवायला एकत्र बसायची आणि एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगायची. "मागच्या महिन्यात एका मशीनने मला असंच फसवलं होतं," अशा. त्या गोष्टींतून दुसऱ्या दिवशीचं मशीन सुरू व्हायचं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसेल? चार माणसं कॉफी ढोसत टाइमपास करताहेत. प्रॉडक्शन सपोर्ट केलेले जे कोणी इथे बसलेत ते आत्ता माना डोलावताहेत ते उगीच नाही. रात्री दोनला बंद पडलेला जॉब डॉक्युमेंटेशन वाचून किती वेळा चालू झालाय, सांगा बरं!

अंतराचं गणित मात्र एम.आय.टी.च्या थॉमस अ‍ॅलन यांनी मांडलं, १९७७ च्या पुस्तकात. दोन इंजिनिअरांच्या टेबलांमध्ये अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं. पन्नास मीटरच्या पुढे गेलं, की तो माणूस दुसऱ्या मजल्यावर काय आणि दुसऱ्या गावात काय, सारखंच.

वही-पेन्सिलीची जागा यंत्राने घेतली ती एम.आय.टी.च्याच मीडिया लॅबमध्ये. अ‍ॅलेक्स पेंटलँड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गळ्यात अडकवायचा एक बिल्ला बनवला. आपल्या ऑफिसच्या बॅजसारखाच, जरा जाड. त्यातला इन्फ्रारेड सेन्सर सांगतो, कोण कोणासमोर तोंड करून उभं होतं. ब्लूटूथ सांगतं, कोण जवळपास होतं. मायक्रोफोन शब्द साठवत नाही, पण कोण किती वेळ बोललं आणि कोणत्या सुरात, हे नोंदवतो. पेंटलँड यांनी २०१२ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये यावर लेख लिहिला. टीम चांगली चालेल की नाही हे सांगायला माणसांची हुशारी, स्वभाव आणि कौशल्य यांचं जेवढं वजन, तेवढंच त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीचं, असा त्यांचा दावा. हॉथॉर्नच्या खोलीत वहीवाल्याने जे पाहिलं, त्याच्याच जवळ जाणारं हे.

त्या लेखात एका बँकेच्या कॉल सेंटरची हकिकत आहे. कॉल सेंटरमध्ये सुट्ट्या पाळीपाळीने देतात, म्हणजे फोन कधी रिकामा राहत नाही. शहाणपणाचंच वाटतं. पण बिल्ल्यांच्या आकड्यांवरून दिसलं, की ज्या टीममधली माणसं आपसात जास्त बोलतात त्यांचं काम सरस आहे. तेव्हा मॅनेजरला सुचवलं, की एका टीमला एकाच वेळी कॉफीला सोडा. बस, एवढंच. एक फोन निकालात काढायला लागणारा वेळ मागे पडलेल्या टीममध्ये २० टक्क्यांहून जास्त घटला, आणि सगळ्या सेंटरचा मिळून ८ टक्के. ट्रेनिंग नाही, नवं सॉफ्टवेअर नाही, कन्सल्टंट नाही. (आमच्या पोटावर पाय आणणारा असा हा निष्कर्ष आहे, पण खरं ते खरं.) मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात बदललं काय, तर वेळापत्रक. "अमुक बाई बोलत नाही, तिला समज द्या," असं कोणी म्हटलं नाही.

माणसं भिंती पाडल्या की आपोआप बोलतील, ही समजूतही या बिल्ल्यांनीच खोटी पाडली. हार्वर्डचे इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत, क्युबिकल काढून मोकळा हॉल करण्याच्या आधी आणि नंतर मोजमाप केलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. समोरासमोरचं बोलणं वाढायचं सोडून सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, आणि ई-मेल वाढल्या. आपल्याला हे समजायला हरकत नाही. चाळीच्या गॅलरीत सगळ्यांदेखत बोलायच्या गोष्टी वेगळ्या आणि जिन्याखाली बोलायच्या वेगळ्या. जिना पाडल्यावर जिन्याखालच्या गोष्टी गॅलरीत येत नाहीत, त्या बंद होतात.

मग २०२० साल आलं आणि जिना, गॅलरी दोन्ही गेलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या मेल, कॅलेंडर, चॅट आणि कॉल्सच्या नोंदी तपासल्या. आतला मजकूर नाही, फक्त कोण कोणाशी किती वेळ. घरून काम सुरू झाल्यावर माणसं आपापल्या जवळच्या गटात आणखी घट्ट झाली, आणि गटागटांना जोडणारे धागे विरळ झाले. गटाबाहेरच्यांबरोबर सहकार्यात जाणाऱ्या वेळाचा वाटा सुमारे २५ टक्क्यांनी घटला. आता या प्रयोगात कोणाच्याही गळ्यात बिल्ला अडकवावा लागला नव्हता, हे लक्षात घ्या. बिल्ला निदान दिसतो, खिशात टाकता येतो, घरी विसरता येतो. आपण रोज वापरतो ती साधनंच आता बिल्ला आहेत.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कंपन्यांसाठी "प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर" नावाचं एक साधन आणलं. कोण किती दिवस चॅट करतो, मेल पाठवतो, हे नावानिशी दिसायचं. त्यावर इतकी टीका झाली की डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी नावं काढून टाकायचं जाहीर केलं. माझ्या मते योग्य केलं. असली चित्रं कंपन्यांच्या हातात पडली की पुढे काय होतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे.

एका क्लायंटकडे मी प्रोजेक्टवर होतो. त्यांनी कुठल्याशा विक्रेत्याकडून असंच ठिपके आणि रेघांचं चित्र करून घेतलं होतं. मेल, कॅलेंडर, चॅट यांवरून. मधोमध मोठे ठिपके म्हणजे सगळ्यांशी जोडलेली माणसं. कडेला एकटे ठिपके. कडेच्या ठिपक्यांपैकी एक होती आपल्यातलीच एक मुलगी, कॉन्ट्रॅक्टवर आलेली. (तिला विचारूनच सांगतोय.) ती रोज रात्री साडेदहाला पुण्याच्या टीमशी स्वतःच्या मोबाइलवरून बोलायची. ते मोजलेलं नव्हतं. दिवसा निम्मं ऑफिस तिच्या टेबलाशी येऊन महिनाअखेरच्या जॉबबद्दल विचारायचं. तेही मोजलेलं नव्हतं. तिचा मेल आयडी तिच्या कन्सल्टिंग कंपनीचा, म्हणून पुष्कळशा मेलही हिशेबात धरल्या नव्हत्या. मी तिथल्या मॅनेजरला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, डेटामध्ये तसं दिसत नाही. वर्षअखेरीला कॉन्ट्रॅक्ट कमी करायची वेळ आली, तेव्हा यादीत तिचं नाव होतं. चित्रामुळेच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण यादी केली त्या मीटिंगमध्ये चित्र भिंतीवर लावलेलं होतं. दोन महिन्यांनी तिमाहीचा जॉब अडकला आणि तीन माणसं माझ्याकडे तिचा फोन नंबर मागत आली.

कॉन्ट्रॅक्ट गेलं, पाठोपाठ तिच्या कंपनीनेही नारळ दिला. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे एच-वन वाल्याची नोकरी सुटली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. इथे बसलेल्या ज्येष्ठ काका-मावशींना आता त्याचं काही वाटत नसेल, पण तरुण जोडप्यांना विचारा. अपार्टमेंटचं लीज, मुलाची शाळा, गाडीचे हप्ते, सगळं त्या साठ दिवसांत. तिने आधी अर्थातच आपल्या लोकांना फोन केले. आम्ही सगळ्यांनी धावाधाव केली, पण आम्हा सगळ्यांना एकाच प्रकारच्या जागा ठाऊक, त्याच त्याच कंपन्यांतल्या. शेवटी जागा कळली ती मेट्राच्या गाडीत रोज समोर बसणाऱ्या एका अमेरिकन बाईंकडून. दोन वर्षांत त्यांच्यात बोलणं काय, तर हवा, गाडीचा उशीर आणि स्वेटरचं विणकाम. त्या बाई एका हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात होत्या.

याला समाजशास्त्रात आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, नुकत्याच नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं, की नोकरी ज्याच्याकडून कळली तो तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले १७ टक्क्यांहून कमी. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. १९७३ साली त्यांनी याला "दुबळ्या धाग्यांची ताकद" म्हटलं. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते.

आता आपल्या डब्याच्या टेबलाबद्दल बोलतो, राग मानू नका. प्रत्येक ऑफिसात एक देसी टेबल असतं. मीही तिथेच बसतो. पोळी-भाजी, कोणाच्या तरी सासूबाईंनी पाठवलेलं लोणचं, आणि ग्रीनकार्डची रांग किती सरकली याची चर्चा. परक्या मुलखात ते टेबल नसतं तर आपल्यातले काही जण वेडे झाले असते. मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ते एक घट्ट पुंजका म्हणून दिसतं, बाहेर फार थोडे धागे असलेला. आणि यात सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला हरकत काय? बेसबॉल कळत नसेल तर विचारायचं. समोरच्याला समजावून सांगायला आवडतं.

तुमच्यापैकी काही जण स्वतः मॅनेजर आहात. तुमच्याकडे असा विक्रेता आला तर माझं म्हणणं एवढंच, की वेळा, जागा आणि अंतरं मोजा, माणसं मोजू नका. दोन टीम एकमेकींशी बोलत नाहीत हे कळलं, तर त्यांची टेबलं जवळ आणा, जेवणाची वेळ एक करा. पाच-दहा माणसांपेक्षा लहान गटाचा आकडा कोणालाच दाखवू नका, तुम्हालासुद्धा. आणि बढतीच्या किंवा कपातीच्या मीटिंगमध्ये ते चित्र भिंतीवर लावू नका. "महिन्यात इतक्या जणांशी बोलणं व्हायलाच हवं" असं लक्ष्य ठरवलंत, की लोक बिनकामाच्या मीटिंगा लावून ते पुरं करतील. आम्ही इंजिनिअर लोक तर त्यासाठी स्क्रिप्टच लिहू!

आणि जे मोजले जाणार आहेत, म्हणजे आपण बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी. इलिनॉयमध्ये २००८ पासून एक कायदा आहे. बोटांचे ठसे, आवाजाचा ठसा, चेहऱ्याची ठेवण अशा गोष्टी घेण्याआधी कंपनीला तुमची लेखी संमती घ्यावी लागते. देशातल्या कडक कायद्यांपैकी तो एक आहे. पण कोण कोणाला मेल करतो, कोण कोणाच्या मीटिंगला बसतो, ही मोजदाद त्यात येत नाही. तेव्हा तिथे विचारणं आपल्याच हातात. एच.आर.ला साध्या भाषेत विचारा. माझं नाव कोणाला दिसतं? फोनवर आणि टेबलाशी होणारं बोलणं धरलंय का? कॉन्ट्रॅक्टवरची माणसं धरली आहेत का? नोंदी किती महिन्यांनी पुसता? विचारायला भीती वाटते, कबूल. एकट्याने विचारू नका, चार जण मिळून विचारा.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती आता हॉस्पिटलच्या नोकरीत कायम झाली आहे आणि विणकामही शिकते आहे. तिच्या जुन्या ऑफिसात महिनाअखेरच्या जॉबचं एक डॉक्युमेंट आता तयार झालंय, बासष्ट पानांचं. ते उघडून वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.